बचत गटाच्या बैठकीत सातबारा

भंडारा जिल्हा हा धानाचा व तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वैनगंगा, चुलबंद, बावनथडी या नद्यांची खोरी, मालगुजारीच्या काळातील मामा तलाव आणि शेतोशेतीच्या बोड्या यांच्या आधारावर येथील धानशेती उभी आहे. या शेतीतील कामांची वाटणी पाहिल्यास नांगरणी, चिखलणी आणि बांधीत पाणी घेणे ही कामे प्रामुख्याने पुरुष करतात. पऱ्हे काढून त्यांच्या जुड्या बांधणे, रोवणी, निंदण, कापणी आणि भारे बांधणे या कामांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. आपण चारसूत्री पद्धतीची शिफारस करतो. तीत १५ व २५ सें. मी. अंतराची नियंत्रित रोवणी आणि चार चुडांमध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचणे ही दोन सूत्रे प्रत्यक्षात कोणाच्या हाताने पार पडतात, हे वाचकांना सांगावयास नको. गोळी खोल बसली की नाही, यावर त्या पद्धतीचे यश ठरते आणि ती बसवणारी बहुधा घरातील किंवा मजुरीवरील स्त्री असते.

मात्र धान विकावयास निघाले की चित्र बदलते. आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणीसाठी सातबारा लागतो. पीक कर्जासाठी, पीक विम्यासाठी आणि अनुदानाच्या अर्जासाठीही सातबारा व आठ-अ लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाली. त्यापूर्वीच्या दोन हंगामांत, म्हणजे २०२३-२४ व २०२४-२५ मध्ये, राज्य शासनाने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम दिली. ही सर्व रक्कम सातबाऱ्यावरील नावाच्या खात्यात जमा होते. आता त्यात शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली आहे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी महाराष्ट्रात हा क्रमांक सक्तीचा झाला असून तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. ज्या स्त्रीचे नाव नोंदीत नाही, ती आयुष्यभर चिखलात राबली तरी शासनाच्या यादीत शेतकरी ठरत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के एवढेच होते.

वास्तविक २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या बरीच व्यापक करण्यात आली आहे. कूळ, बटईदार व शेतमजूर यांनाही तीत स्थान आहे. तथापि व्याख्या धोरणात राहिली आणि खिडकीवरचा कारकून अजूनही सातबाराच मागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त गावोगाव सत्कार होतील. साडी-चोळी देऊन सत्कार करण्यापेक्षा त्या बाईचा फेरफार मंजूर करून दिला तर ते अधिक उपयोगाचे होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गट आहेत, विषय नाही

बचत गटांची चळवळ आता नवी राहिलेली नाही. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांचे उद्दिष्ट ठेवून गट व बँक यांची जोडणी सुरू केली. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून कार्यरत आहे. ‘उमेद’ अभियान २०११ पासून राज्यात आले. भंडारा जिल्ह्यात माविमची लोकसंचालित साधन केंद्रे आणि उमेदचे ग्रामसंघ व प्रभाग संघ आहेत. महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचा हप्ता, दंड आणि इतिवृत्त ही शिस्त आपल्या भगिनींनी चांगली अंगी बाणवली आहे. दहा लाख रुपयांपर्यंतच्या गटकर्जास बँकेने तारण मागू नये असा नियम आहे, एवढी पत या गटांनी परतफेडीच्या बळावर कमावली आहे.

पण गटाचे इतिवृत्त उघडून पाहिले तर त्यात बहुधा पैशाचेच विषय आढळतात. शेळी, शिवणयंत्र, पापड, लोणचे यांसाठी कर्ज दिल्याची नोंद असते. कोणाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हा विषय बैठकीत क्वचितच निघतो. तो घरातला विषय समजला जातो आणि घरात तो काढावयाचा तर भांडण ठरलेले. एकट्या बाईने तलाठ्याकडे जाऊन विचारले तर सायंकाळपर्यंत गावभर चर्चा होते. दहा-बारा जणींनी एकत्र सर्वांचेच उतारे मागितले तर मात्र ती चर्चा कोणा एकीवर येत नाही. म्हणून गटाने वर्षातून किमान एक बैठक केवळ सातबारा वाचण्यासाठी ठेवावी, असा या लेखाचा आग्रह आहे. महसूल विभाग चावडी वाचन करतो. त्याच धर्तीवर हे गटाचे वाचन होय.

(तलाठ्यांचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. लेखात परिचयाचे जुने नावच वापरले आहे.)

उतारा कसा वाचावा

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो. घरातील शिकलेल्या मुला-मुलीला सांगितल्यास तो मोबाईलवरही काढता येतो. प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या जमिनीचा उतारा व आठ-अ बैठकीत आणावा. वाचताना पुढील ठिकाणी नजर ठेवावी.

प्रथम कब्जेदाराचे, म्हणजे भोगवटादाराचे नाव पाहावे. ती व्यक्ती हयात आहे काय? अनेक उताऱ्यांवर सासऱ्याचे किंवा आजेसासऱ्याचे नाव तसेच असते. जमीन तीन भाऊ वाहतात, उतारा मात्र मृत माणसाच्या नावे असतो. ही अडचण इतकी सार्वत्रिक होती की शासनास २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली. बुलढाणा जिल्ह्यात प्रथम राबविलेली ही मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर नेण्यात आली आणि मृत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घेण्यात आल्या. मोहीम झाली म्हणजे आपल्या घरची नोंद झालीच, असे गृहीत धरू नये. उतारा पाहूनच खात्री करावी.

दुसरे म्हणजे नावाच्या पुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ अशी अक्षरे आहेत काय ते पाहावे. याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी. पूर्वी वडिलांच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव अशा प्रकारे लावले जाई. तो सर्वांच्या वतीने धनी असे, एकटा मालक नसे. वर्षे उलटली, ती अक्षरे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत आणि थोरला भाऊ स्वतःस एकटा मालक समजू लागला. ही नोंद काढून सर्व वारसांची नावे लावण्यासाठी अर्ज करता येतो.

तिसरी जागा म्हणजे ‘इतर हक्क’ हा रकाना. स्त्रियांच्या दृष्टीने हा सर्वांत फसवा रकाना होय. पूर्वी मुलांची नावे कब्जेदार सदरी आणि विधवेचे व मुलींची नावे इतर हक्कात लिहिण्याची रीत अनेक ठिकाणी होती. बाईला सांगितले जाते, ‘तुझे नाव सातबाऱ्यावर आहेच की!’ ते खरेही असते. परंतु इतर हक्कात बँकेचा बोजा असतो, विहिरीचा वाटा असतो, वाटेचा हक्क असतो. त्याच ओळीत वारसाचे नाव असणे म्हणजे कब्जेदार असणे नव्हे. अशा नावावर ना खरेदी केंद्रावर नोंदणी होते, ना पीक कर्ज मिळते. वारस म्हणून हक्क असूनही नाव इतर हक्कात पडले असेल तर ते कब्जेदार सदरी घेण्याची मागणी लेखी करावी.

विधवा भगिनींचा प्रश्न प्रथम

उतारे वाचून झाल्यावर गटाने सर्वप्रथम विधवा सभासदांचे प्रश्न हाती घ्यावेत. कारण त्यांना थांबण्यास वेळ नसतो. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’ने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात पती गमावलेल्या या स्त्रियांपैकी ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीवरील हक्क तोपर्यंत मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क केवळ ३५ टक्के स्त्रियांकडे होता आणि एक तृतीयांश स्त्रियांना आपण निवृत्तिवेतनास पात्र आहोत हेच ठाऊक नव्हते. ज्या घरी आत्महत्येनंतर अधिकारी, पुढारी आणि वार्ताहर येऊन गेले त्या घरची ही स्थिती आहे. मग जेथे पती ताप येऊन किंवा अपघाताने गेला आणि कोणी फिरकलेही नाही, तेथील कल्पना करावी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार (बौद्ध, जैन व शीख यांनाही तो लागू आहे) मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचे हिस्से समान असतात. उदाहरणार्थ, एका शेतकऱ्याची स्वकष्टार्जित ३ एकर, म्हणजे १२० गुंठे, धानाची जमीन आहे. त्याच्या मागे पत्नी, आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. एकूण पाच वारस झाले. प्रत्येकाच्या वाट्यास २४ गुंठे येतात. पत्नीला मुलांच्या मर्जीवर राहण्याचे कारण नाही. २४ गुंठे तिचे स्वतःचे आहेत. वडिलोपार्जित जमिनीत प्रथम मृताचा हिस्सा किती हे काढून मग तो वाटला जातो, म्हणून तेथे हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा. अशा रीतीने मिळालेली जमीन ही कलम १४ प्रमाणे तिच्या पूर्ण मालकीची असते. ‘पोटगीपुरती दिली आहे, मेल्यावर परत येईल’ किंवा ‘दुसरे लग्न केले तर जाईल’ ही गावातील बोलणी कायद्यास धरून नाहीत.

नोंद कशी करावयाची? मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, मात्र काम रेंगाळते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व नाती सांगणारे शपथपत्र, सातबारा, आठ-अ आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये होते, नंतर नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटीस काढली जाते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढते. ‘ई-हक्क’ प्रणालीतून हा अर्ज घरबसल्याही करता येतो.

शपथपत्राची भाषा गटाने मोठ्याने वाचून घ्यावी, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. वारसांच्या यादीतून सून, म्हणजे मृत मुलाची विधवा, अथवा सासरी गेलेली मुलगी वगळली जाते ती याच कागदावर. आणि फेरफाराची नोटीस आली म्हणजे ती वाचण्यापूर्वी अंगठा देऊ नये. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावातील चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. गटातील एका मुलीने दर पंधरवड्यास त्या पाहून बैठकीत सांगितल्या, तर परस्पर चढणारी नोंद हरकतीच्या मुदतीतच लक्षात येईल. मुदत टळून नोंद प्रमाणित झालीच, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम दस्तऐवज नव्हे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. त्यामुळे नाव नाही म्हणून हक्क नाही, असे होत नाही. परंतु रोजच्या व्यवहारात, सोसायटीत, बँकेत आणि खरेदी केंद्रावर, नाव नसले की हक्क असून नसल्यासारखाच.

पतीच्या हयातीत नाव

महाराष्ट्रात या विषयास मोठी परंपरा आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. त्यानंतर काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम संघटनेने हाती घेतला. पतीने स्वखुशीने आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा आणि ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर व्हावे, अशी ती योजना होती. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे गाव त्यासाठी प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे, ही चळवळ कापूस व कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर बसणाऱ्या पुरुषांनी उचलून धरली. घरातील लक्ष्मीला घामाचे दाम न देणाऱ्याने सरकारकडे घामाचे दाम कोणत्या तोंडाने मागावे, हा त्यामागील विचार होता.

या वातावरणातच १५ सप्टेंबर १९९२ रोजी महसूल विभागाचे परिपत्रक निघाले. पतीची इच्छा असल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते, असे त्यात सांगितले आहे. ते ‘लक्ष्मी मुक्ती योजना’ या नावानेच ओळखले जाते. यासाठी पतीने तहसीलदारांकडे अर्ज करावयाचा असतो. त्यांच्या आदेशावरून फेरफार होतो. ज्यांना जमिनीचा ठरावीक तुकडा पत्नीच्या किंवा मुलीच्या एकटीच्या नावे करावयाचा असेल त्यांच्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र हा दुसरा मार्ग आहे. पती-पत्नी व मुले यांच्यातील शेतजमिनीच्या बक्षीसपत्रास २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. इतर आकार किती हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्यास हस्तांतरणापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे विसरू नये.

शेतकरी बंधूंच्या मनात काही शंका असतात. बायकोचे नाव लावले तर जमिनीचे तुकडे पडतील काय? सहधारक म्हणून नाव लावल्याने बांधी तुटत नाही, धुरा हलत नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा दुसरा हप्ता सुरू होईल काय? नाही. त्या योजनेत पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब धरले जाते. तेव्हा त्या लोभाने कोणी अर्ज करू नये आणि कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नये. सोसायटीचे कर्ज असेल तर? बोजा तसाच राहतो. कर्जाला व विक्रीला दोघांच्या सह्या लागतील काय? होय, लागतील. अनेकांना हीच अडचण वाटते, आणि खरे पाहता मोठा लाभ तोच आहे. दारूच्या किंवा सट्ट्याच्या भरीस पडून, अथवा सावकाराच्या दबावाखाली, एका रात्रीत इसारपावती लिहून देणारे आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतात. दुसरी सही आवश्यक असली की ती रात्र टळते.

पवनी तालुक्यातील वाचकांना आणखी एक बाब ठाऊक आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये झाली. पुढे बुडीत क्षेत्रात जमिनी गेल्या. जमिनीचा मोबदला ज्याचे नाव नोंदीत असते त्याच्या हाती पडतो. जमीन दिसत राहते, पैसा दिसेनासा होतो. तो कोणत्या घरात किती दिवस टिकला हे गावकऱ्यांना सांगावयास नको. ज्या गावांत रस्ते वा अन्य कामांसाठी भूसंपादनाची शक्यता आहे तेथील गटांनी हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

लेकीचा वाटा आणि हक्कसोड

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. राज्याचे पहिले महिला धोरण १९९४ मध्ये आले आणि त्याच वर्षी २२ जूनपासून राज्याची दुरुस्ती अंमलात आली. त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना मात्र तिचा लाभ नव्हता. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट राहिली नाही आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असाही निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

आदिवासी कुटुंबांना हा अधिनियम लागू नाही, तेथे रूढी पाहिली जाते. गोंड, हलबा भगिनींनी म्हणून निराश होऊ नये. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर केवळ स्त्री म्हणून तिचा वाटा नाकारता येणार नाही. अशा प्रकरणात तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रत्यक्षात मुली वाटा मागत नाहीत. माहेर तुटेल ही भीती खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. बहीण पोळ्याला, दिवाळीला भावाच्या घरी येते, आजारपणात तिला तोच आधार असतो. स्वखुशीने हक्क सोडावयाचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. मात्र तो काय सोडते आहे हे कळून सोडावा. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. साध्या कागदावर घेतलेल्या सहीने हक्क जात नाही. ‘वारस नोंदीसाठी सही पाहिजे’ असे सांगून निबंधक कार्यालयात नेले जात असेल तर बहिणीने ओळखावे, की वारस नोंदीसाठी तेथे जावे लागत नाही. वाटा न मागता नाव मात्र राहू द्यावे, असा मधला मार्ग काही घरांत निघतो. तो वाईट नाही. सासरी संकट आले तर परत येण्यास एक जागा राहते.

ज्यांच्याकडे जमीनच नाही

गटातील निम्म्या सभासद भूमिहीन किंवा मक्त्याने, बटईने शेती करणाऱ्या असू शकतात. सातबारा वाचनाच्या बैठकीत त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी चार ते दहा जणींचा संयुक्त देयता गट करता येतो. एकमेकींच्या हमीवर, जमिनीच्या कागदाशिवाय, बँक त्यास कर्ज देऊ शकते. उन्हाळी भाजीपाल्यासाठी ही सोय चांगली आहे. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणास सातबारा लागत नाही, हेही लक्षात असावे. साकोली येथे केंद्र आहे. यादीत खातेदाराचे नाव असले तरी प्रशिक्षणास रोवणी करणारीने यावे, अशी आमची नेहमीचीच विनंती आहे.

आणखी एक उपयुक्त तरतूद बऱ्याच घरांना माहीत नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदाराबरोबर त्या कुटुंबातील, सातबाऱ्यावर नाव नसलेला, एक सदस्यही धरला जातो. वय १० ते ७५ असावे. अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात आणि सर्पदंशाचा त्यात समावेश आहे. निंदणाच्या व कापणीच्या दिवसांत बांधीत सर्पदंश होतो तो बहुधा बायकांनाच. असे घडल्यास शवविच्छेदन टाळू नये, कारण त्या अहवालाशिवाय प्रकरण अडते. प्रस्ताव तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विनाविलंब द्यावा. दुःखाच्या घरी हे सांगणे कठीण जाते. म्हणून ते काम गटाच्या अध्यक्षाने आपले समजावे.

कार्यालयात जाताना

अर्ज तोंडी नसावा. दोन प्रती न्याव्यात, एकीवर तारीख व शिक्का घेऊन पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. न दिल्यास त्याच विभागात पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर आयोगाकडे तिसरे अपील करता येते. चुकार अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बहुतेक वेळा अपिलापर्यंत जावे लागत नाही. अर्जावर क्रमांक आहे आणि मागे दहा जणी उभ्या आहेत, एवढे दिसले की टेबल हलते. तलाठ्यांकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात व कामाचा बोजाही असतो, हे समजून वागावे. सर्वांचे अर्ज एकाच दिवशी, यादी करून, ठरवून दिल्यास त्यांनाही सोयीचे होते.

दुसरे व्यासपीठ महिला ग्रामसभेचे. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभासदांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. अनेक गावांत ती कागदावर होते आणि नोंदवही सह्यांसाठी घरोघर फिरते. अशी सही करू नये. गटाने लेखी विषय द्यावा : गावातील मृत खातेदारांची यादी वाचावी, प्रलंबित वारस नोंदी वाचाव्यात, ज्या उताऱ्यांत स्त्रियांची नावे इतर हक्कात आहेत ते वाचावेत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा ठराव मांडणारी व लिहून घेणारी अशा दोघीही बायकाच असणे आता अवघड नाही.

कामाचे दिवसही पाहून ठरवावेत. रोवणीच्या व कापणीच्या हंगामात कोणालाच सवड नसते. खरिपाचे धान विकून झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, उतारे काढून वाचनाची बैठक घ्यावी आणि मार्चअखेर अर्ज द्यावेत. म्हणजे खरिपाचे पऱ्हे टाकण्यापूर्वी फेरफार होऊन नव्या नावावर पीक कर्ज मागता येईल. नाव चढल्यावर त्या हंगामाची ई-पीक पाहणी त्याच खात्यावर नोंदली गेली की नाही ते पाहावे आणि लगेच शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्यावा. नवा उतारा हाती आल्यावर नावाचे अक्षर नि अक्षर आधार कार्डाशी व बँक पुस्तकाशी ताडून पाहावे. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर आणि ‘बाई’ तिसऱ्यावर, असा गोंधळ आपल्याकडे फार आहे. तो दुरुस्त करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, खरेदी केंद्र उघडण्याची वाट पाहू नये.